मोल म्हणजे काय, हे आता विचारू नका

रात्रीचे अकरा वाजलेत, सकाळी केमिस्ट्रीचा पेपर आहे आणि पुस्तकाला अजून कोऱ्या कागदाचा वास येतोय. घाबरू नका. वास नाकापर्यंत पोचला, म्हणजे वायूंच्या विसरणाचा धडा झाला. पुढची पद्धत मी स्वतः वापरलेली आहे. एकाच पेपरला, दोनदा.

आधी वेळापत्रक करा, चार रंगांच्या स्केचपेननं. तास-दीड तास सहज जातो. मग आवर्तसारणी उघडा. मेंडेलीव्हनं १८६९ मध्ये ती मांडली तेव्हा निम्मी मूलद्रव्यं सापडलेलीच नव्हती, म्हणून त्यानं बिनधास्त रिकाम्या जागा सोडल्या आणि तरी जगानं त्याला डोक्यावर घेतलं. तुम्हीही उत्तरपत्रिकेत जागा सोडा. त्याच्या जागांवर पुढे गॅलियम आणि जर्मेनियम निघालं. तुमच्या जागांवर काय निघतं ते तपासणारा बघून घेईल.

डोळे मिटायला लागले तर खुशाल झोपा. बेंझिनची कड्यासारखी रचना आपल्याला डुलकीत सुचली, स्वतःचीच शेपटी तोंडात धरलेला साप दिसला, असं केकुलेनं स्वतः सांगितलंय. डुलकीआधी त्यानं कार्बनच्या बंधांवर कित्येक वर्षं डोकं घासलं होतं, हा तपशील आजच्या रात्री गैरसोयीचा आहे.

आता गणितं. इथे खरा धोका आहे, कारण थोडं लक्ष दिलं तर मार्क मिळून जातात. वायूच्या समीकरणात 'आर', म्हणजे वायूंचा स्थिरांक, ८.३१४ घ्यायचा की ०.०८२१? दोन्ही बरोबर. पहिला ज्यूलच्या हिशोबातला, दुसरा लिटर आणि ॲटमॉस्फिअरच्या. पण त्यासाठी एककं बघावी लागतात, म्हणून सरळ नाणं उडवा. तापमान २७ अंश सेल्सिअस दिलं असेल तर २७च घाला. त्याचे ३०० केल्विन करत बसणारे लोक मुळातच संशयी. मोलमध्ये ६.०२२ गुणिले दहाचा तेविसावा घात इतके कण असतात. त्यातलं ६.०२२ लक्षात राहतंच. घात लिहायचा राहिला तर मोलमध्ये सहाच कण उरतील आणि घात तुमचा होईल, पण मोजायला तरी सोपं.

समीकरणं संतुलित करू नका. हायड्रोजन अधिक ऑक्सिजन, बाणाच्या पलीकडे पाणी, मामला खतम. ऑक्सिजनचा एक अणू मध्येच कुठे गायब झाला, असं कुणी विचारलं तर लाव्हाझिएकडे बोट दाखवा. वस्तुमान टिकून राहतं म्हणणाऱ्या त्या माणसाचा १७९४ मध्ये शिरच्छेद झाला. (कारण करवसुलीचं होतं, पण पेपरच्या आदल्या रात्री कारणं कोण वाचतं?)

ॲनोडवर ऑक्सिडीकरण, कॅथोडवर क्षपण. एवढी ओळ पाठ व्हायला दहा सेकंद लागतात. इतकं स्वस्त मिळणारं ज्ञान चांगलं नसतं, सोडून द्या. त्यापेक्षा मित्राला फोन लावून "तुझं किती झालं?" विचारा. फक्त ज्याचं काहीच झालेलं नाही त्यालाच लावा, नाहीतर उरलेली झोपही उडेल.

पेपरात काहीच आठवेना झालं तर कोणत्याही 'का?' पुढे 'उत्प्रेरकामुळे' लिहा. आणि बाहेर आल्यावर कुणी पेपर कसा गेला विचारलं तर सांगा, रात्रभर गतिक समतोल होता. जेवढं डोक्यात शिरत होतं, तेवढंच त्याच वेगानं बाहेर पडत होतं.