घरचा पाना की गॅरेजचा लॅपटॉप?

सिग्नलला उभी असताना गाडी थरथरायला लागली की मालकाच्या डोक्यात दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, "त्यात काय, स्पार्क प्लग काढून साफ करायचे!" दुसरा म्हणतो, "गॅरेजला टाक आणि मोकळा हो." पहिल्याकडे उत्साह दांडगा, अनुभव शून्य. दुसऱ्याकडे अनुभव आहे, म्हणूनच बिलाच्या विचाराने त्याचा आवाज जरा खाली असतो. निर्णय होईपर्यंत मालक रेडिओ मोठा करून थरथरीवर तात्पुरता इलाज करतो.

कार्बोरेटरच्या काळात हे भांडण नव्हतं. मिक्श्चरचा स्क्रू पिळायचा, डिस्ट्रिब्युटर किंचित फिरवायचा, आवाज 'बसला' की हात पुसायचे. कानावर भागत होतं. आता पेट्रोल इंजिनात हवेचं आणि पेट्रोलचं प्रमाण वजनाने १४.७ ला १ च्या आसपास राखायचं काम ईसीयू, म्हणजे इंजिनाचा संगणक, करतो. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर त्याच्याकडे सतत चहाड्या करत असतो आणि तो पेट्रोल फवारणारा इंजेक्टर किती मिलिसेकंद उघडा ठेवायचा हे बदलत राहतो. ठिणगी कधी पाडायची तेही तोच ठरवतो. आपण फिरवावं असं काही शिल्लकच ठेवलेलं नाही. म्हणजे घरच्या ट्यूनिंगमध्ये काम उरलं एकच: ईसीयूच्या कामात कोण मोडता घालतंय ते हुडकायचं. चोंदलेला एअर फिल्टर, झिजलेले प्लग, प्लगला वीज देताना दगा देणारी कॉइल, हवा आत सोडणारी पण काजळलेली थ्रॉटल बॉडी, चीर गेलेला व्हॅक्यूमचा पाइप. यातलं बहुतेक काम घरी होतं, असं माझं ठाम मत आहे. मात्र त्या पहिल्या पक्षाला आधी पाना खाली ठेवायला लावायचं.

प्लगचंच घ्या. इंजिन पूर्ण गार हवं. सिलिंडरवरच्या ॲल्युमिनियमच्या झाकणातून, म्हणजे हेडमधून, तापलेला प्लग ओढून काढायला गेलं तर आटेही सोबत यायला तयार असतात. कॉइल काढल्यावर प्लगच्या खड्ड्यात आधी हवा मारा, नाहीतर तिथे साठलेली माती प्लग निघताक्षणी सिलिंडरमध्ये गृहप्रवेश करते. नवा प्लग बसवताना त्याच्या वरच्या टोकाला रबरी नळीचा वीतभर तुकडा लावा आणि नळी बोटांनी फिरवा. आटे तिरके लागले तर नळी नुसती घसरते आणि आपण वाचतो. पाना घसरत नाही. तो तिरक्या आट्यांवरही प्लग तितक्याच निष्ठेने आत नेतो.

वॉशरवाला नवा प्लग हाताने टेकला की पुढे अर्धा ते दोन-तृतीयांश फेरा, बस. शंकूसारखी बैठक असेल तर फेऱ्याचा जेमतेम सोळावा हिस्सा. टॉर्क रेंच असेल तर गाडीच्या पुस्तकातला आकडा लावा. १४ मिलिमीटर आट्याच्या वॉशरवाल्या प्लगला तो साधारण २५ न्यूटन-मीटरच्या आसपास असतो. "अजून जरासं आवळतो, म्हणजे काळजी नको" या एका वाक्याने जेवढी हेडं वाया गेली असतील तेवढी ऑइल संपूनही गेली नसतील, अशी मला शंका आहे. आणि ढिला सोडूनही भागत नाही. प्लगची उष्णता बैठकीतून हेडमध्ये उतरते. बैठक नीट नसली की प्लगचं टोक लालबुंद होतं आणि ठिणगीची वाट न बघता स्वतःच पेट्रोल पेटवून देतं.

गॅप, म्हणजे ठिणगी उडते ती फट, फीलर गेजच्या पात्यांनी तपासा. बहुतेक गाड्यांना ०.७ ते १.१ मिलिमीटरमधला आकडा दिलेला असतो. इरिडियमच्या प्लगचं मधलं टोक मात्र अर्ध्या मिलिमीटरच्या घरातलं, त्याला रेटून गॅप करायला जाऊ नका.

जुने प्लग टाकण्याआधी सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांडून ठेवा, कारण अख्ख्या इंजिनाची कुंडली तिथे असते. फिकट तपकिरी किंवा राखाडी टोक म्हणजे तब्येत ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त किंवा ठिणगी कमजोर. ओलं, तेलकट असेल तर ऑइल वर येतंय, आणि त्यावर नव्या प्लगचा उतारा चालत नाही. पांढरंफटक, फोड आल्यासारखं दिसलं तर प्लग भाजून निघालाय.

दुसरं घरगुती हत्यार म्हणजे डॅशबोर्डखालच्या १६ पिनांच्या सॉकेटला लावायचा स्कॅनर. हा ईसीयूने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचतो, आणि गल्लत इथूनच सुरू होते. कोड तक्रार सांगतो, सुटा भाग सांगत नाही. पी०१७१ आला, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी पडतंय, की घरचा पक्ष उठतो आणि ऑक्सिजन सेन्सर बदलून टाकतो. तो बिचारा खरं बोलत होता, म्हणून गेला! आधी फ्युएल ट्रिमचे आकडे बघा, म्हणजे ईसीयू ठरल्यापेक्षा किती टक्के पेट्रोल जास्त-कमी करतोय ते. हवा मोजणारा मास एअरफ्लो सेन्सर असलेल्या गाडीत आयडलिंगला, म्हणजे ॲक्सिलरेटर न दाबता, ट्रिम अधिक २० टक्के आणि २५०० आरपीएमला तीन-चार टक्क्यांवर येत असेल, तर हवा मागच्या दाराने आत शिरतेय. पाइप आणि मॅनिफोल्डचं गॅसकेट तपासा. उलट रेस दिल्यावर ट्रिम चढत असेल, तर पेट्रोल पंप, फिल्टर किंवा हा सेन्सरच मळलेला असणार.

मिसिंगचं, म्हणजे एखाद्या सिलिंडरात पेट्रोल न पेटण्याचं, तर घरी फार झकास निदान होतं. पी०३०१ म्हणजे पहिल्या सिलिंडरला मिसिंग. पहिल्याची कॉइल दुसऱ्यावर लावा, दुसऱ्याची पहिल्यावर. कोड पुसा, गाडी थोडी चालवा. आता पी०३०२ आला तर कॉइल गेलीय. कोड जागचा हलला नाही तर हाच प्रयोग प्लगवर. तरीही पहिलाच सिलिंडर रुसलेला असेल तर इंजेक्टर किंवा कॉम्प्रेशनची भानगड आहे, तिथे गॅरेजवाल्या पक्षाला मतदान करा. आणि चेक इंजिनचा दिवा लुकलुकत असेल तर चालवायचं बंद. न जळलेलं पेट्रोल धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो आतून वितळतो.

साफसफाईच्या फवाऱ्यांचं थोडक्यात. हवेचा मास एअरफ्लो सेन्सर त्याच्याच क्लीनरने धुवा, आतल्या केसासारख्या तारेला बोट लावू नका, पूर्ण वाळू द्या. ब्रेक क्लीनरने तो चकाचक होतो आणि कायमचा निवृत्तही होऊ शकतो. इलेक्ट्रॉनिक थ्रॉटलची झडप इग्निशन चालू असताना बोटाने ढकलायची नाही. साफ केल्यावर गाडी आयडलिंगला जास्तच गुरगुरू लागली तर घाबरू नका. ईसीयूने काजळीसकट हिशोब पाठ केलेला असतो, तो नव्याने शिकवावा लागतो. काही गाड्या आपल्याआप शिकतात, काहींना स्कॅनरवरून शिकवणी लागते.

डिझेलच्या कॉमन रेलपाशी, म्हणजे इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या सामाईक नळीपाशी, मात्र घरच्या पक्षाने हात मागे बांधून उभं राहावं. तिथे दाब २००० बारपर्यंत जातो. गळती कुठे आहे म्हणून बोटाने चाचपायला गेलात तर डिझेल कातडी भेदून आत जातं, आणि पुढचं ट्यूनिंग सर्जन करतो. डायरेक्ट इंजेक्शनच्या पेट्रोल गाड्यांत इनटेक व्हॉल्व्हवर साचणारा कार्बनही घरचा विषय नाही. पेट्रोल त्या व्हॉल्व्हवरून जातच नाही, त्यामुळे टाकीत ओतायच्या औषधाच्या बाटलीने बाटलीवाल्याचाच पिकअप सुधारतो.

राहता राहिलं रिमॅपिंग, म्हणजे ईसीयूमधला नकाशाच बदलणं. टर्बो असेल तर बूस्ट, म्हणजे तो आत रेटतो त्या हवेचा दाब, वाढवून चांगला फरक पडतो. टर्बो नसेल तर फरक मुख्यतः मालकाला जाणवतो. हे काम लॅपटॉप आणि इंटरनेटवरून उतरवलेली फाइल घेऊन घरी करायचं नाही. फाइल चढत असताना बॅटरीचा व्होल्टेज पडला तर ईसीयूचा दगड होतो, म्हणून जाणता ट्यूनर आधी स्थिर पुरवठा जोडतो. ठिणगी दोन अंश जास्त लवकर पाडली तर नॉकिंग होऊ शकतं, म्हणजे पेट्रोल अवेळी भडकून सिलिंडरात ठोके पडतात, आणि भरधाव वाऱ्यात ते कानाला ऐकूही येत नाही. पिस्टनच्या रिंगांमधल्या भिंती तुटल्यावर मात्र सगळ्यांना ऐकू येतं. आणि वाढलेला टॉर्क पुढे क्लचने झेलायचा असतो, त्याला कुणी विचारलेलं नसतं.

तेव्हा ट्यूनरला विचारा: मिश्रण नेमकं मोजणारा वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर लावून डायनोवर, म्हणजे गाडीची ताकद मोजणाऱ्या यंत्रावर, मिश्रण बघणार का? आधीचा आणि नंतरचा आलेख त्याच डायनोवरचा मिळेल ना? कंपनीची मूळ फाइल जपून ठेवणार, आणि मागितली तर परत चढवून देणार? गाडीची वॉरंटी राहील की जाईल? यावर "अहो, टेन्शन कशाला घेता, सगळ्यांना हीच फाइल टाकून देतो" असं उत्तर आलं, की किल्ली परत खिशात घाला आणि घरी जाऊन एअर फिल्टर बदला.