‘दगड कुठं पळून जातात का?’ हो, जातात!

सध्या एक मजकूर जोरात फिरतोय: अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांत प्राणी मोजा, झाडं मोजा, पण खडकांचे नकाशे नि नोंदी म्हणजे पैशांची उधळपट्टी. कारणं तीन दिली आहेत.

‘दगड जागेवरच असतात.’ साउथ डकोटात 1922 साली फॉसिल सायकॅड राष्ट्रीय स्मारक जाहीर झालं. 320 एकर जागा आणि उघड्यावर पडलेली डायनासोरकालीन वनस्पतींची अश्मीभूत (दगड झालेली) खोडं. जो तो उचलून नेत राहिला. हौशीही आणि संशोधकही. ज्या अभ्यासकानं या जागेच्या संरक्षणासाठी धडपड केली, त्यानंच गोळा केलेले ढीगभर नमुने येल विद्यापीठात गेले! राखणीला कायमचा माणूस नव्हता, शिल्लक किती याची वेळोवेळी मोजदाद नव्हती. जमिनीवर बघण्यासारखं काही उरलं नाही, तेव्हा 1957 मध्ये स्मारकाचा दर्जाच काढून घेतला. प्राणी जपले तर पुन्हा वाढतात. ही खोडं परत उगवत नाहीत.

आणि अख्खा उतारही सरकतो. अलास्कातल्या डेनाली उद्यानाचा एकमेव रस्ता ऑगस्ट 2021 पासून प्रिटी रॉक्स नावाच्या जागेवरच्या सरकत्या दरडीमुळे अर्ध्यावर बंद करावा लागला. तिथं पूल बांधायचा तर त्याची टोकं कुठल्या खडकावर टेकवायची, हे खडकांच्या नकाशाशिवाय कोण सांगणार?

‘उपग्रहाला सगळं दिसतं.’ केंटकीतल्या मॅमथ गुहेच्या 600 किलोमीटरहून जास्त भुयारी वाटा माणसांनी आत रांगत जाऊन मोजल्या आहेत. पाण्याची वाट शोधायला तर आणखी साधी युक्ती: पाणी गडप होतं त्या खड्ड्यात निरुपद्रवी रंग सोडायचा आणि दूरदूरच्या झऱ्यांत कोळशाच्या पुरचुंड्या टांगायच्या. डोळ्यांना न दिसणारा रंगही कोळसा धरून ठेवतो. त्यातून कळलं, की गुहेत येणारं बरंच पाणी उद्यानाच्या हद्दीबाहेरून येतं. उद्या महामार्गावर रसायनांचा टँकर उलटला, तर धावपळ कुठल्या झऱ्याकडे करायची हे पाण्याच्या वाटांच्या याच नकाशावरून ठरणार.

‘नकाशा म्हणजे चोरांना आमंत्रण.’ ही भीती मात्र खोटी नाही. म्हणूनच गुहांसाठी 1988 चा आणि जीवाश्मांसाठी 2009 चा कायदा नेमकं ठिकाण गुप्त ठेवण्याची मुभा देतो. खडकांचे थर सगळ्यांना बघता येतात, जीवाश्माचा ठावठिकाणा नाही. शिवाय चोरी झालीच, तर जीवाश्म तिथं होता हे सिद्ध करायला आधीचा फोटो आणि जागेची नोंदच लागते.