पेटी आमच्याच हॉलमध्ये होती

मागच्या महिन्यातली गोष्ट. शनिवार दुपार, मी ओट्यापाशी गवार मोडत होते. हॉलमधून भाच्याचा आवाज येत होता, "तर भावांनो, दोन तास पूर्ण झालेत, बघूया आत काय हालत आहे!" दोन तास कुठले, दोघं खेळायला बसून दहा मिनिटंही झाली नव्हती. सहज डोकावले. बारा वर्षांचा भाचा दिवाणावर मांडी घालून, मोबाईल समोर धरून बसलेला. माझा नऊ वर्षांचा मुलगा कुठे दिसेना. "अरे, हा कुठे गेला?" तर भाच्यानं हसत हसत खाली बोट दाखवलं. गादीखाली, फळीखाली, जिथे आम्ही गोधड्या आणि जुने पडदे कोंबतो त्या खणात.

गादी कशी ओढली, फळी कशी उचलली, आठवत नाही. पोरगं घामानं निथळत होतं. केस कपाळाला चिकटलेले, हातात टॉर्च. आतून त्यानं दोनदा ठोकलं होतं म्हणे. दादाला वाटलं, व्हिडिओसाठी ॲक्टिंग करतोय, म्हणून तो वरच बसून राहिला. मुलगा एवढंच म्हणाला, "आई, गोधडीचा वास यायला लागला आणि मग झोप आल्यासारखं वाटलं."

त्या वाक्यानं माझे हातपाय गार पडले. बंद जागेत आपण सोडलेल्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड साठत जातो, डोकं जड होतं, गुंगी येते. ज्या वेळी ओरडायला हवं, त्याच वेळी ओरडायचं त्राण जातं. आणि वर बारा वर्षांचं वजन बसलेलं असताना नऊ वर्षांच्या मुलाला ती फळी उचलता आली नसती.

हे लिहायचं कारण वेगळं आहे. ज्या व्हिडिओवरून हे सुचलं, तो मी मुलाच्या शेजारी बसून पाहिला होता. पाहून "ठीक आहे, बघ" असं म्हणाले होते. एका हिंदी चॅनेलवरचा व्हिडिओ. शेतात जेसीबीनं खड्डा, त्यात प्लायवूडची पेटी, पेटीत एक तरुण, वर माती, आणि २४ तास. माझा हिशेब असा होता, की आपल्या भांडुपच्या वन बीएचकेमध्ये ना शेत, ना जेसीबी, ना पेटी. नक्कल करणार कशाची? शिवी नाही, रक्त नाही, घाणेरडं काही नाही. पास.

पेटी आमच्याच हॉलमध्ये होती. मी रोज तिच्यावर बसून चहा पिते.

मी चौदा वर्षं गोरेगावात एडिटिंग करते. सिरियल, रिॲलिटी शो, जाहिराती. व्हिडिओत काय ठेवायचं आणि काय कापायचं, हाच माझा रोजगार. तरीही मी चुकले, कारण आपण पालक मंडळी व्हिडिओ तपासताना पडद्यावर काय दिसतं तेवढंच बघतो. या प्रकारच्या व्हिडिओत धोका जे कापलं त्यात असतो.

या पेटीत पुरण्याच्या प्रकाराची खूप गाजलेली आवृत्ती मिस्टरबीस्ट या अमेरिकन यूट्यूबरची. नोव्हेंबर २०२३ मध्ये त्याचा सात दिवस जमिनीखाली राहिल्याचा व्हिडिओ आला. सात दिवस म्हणजे १०,०८० मिनिटं, आणि व्हिडिओ वीस मिनिटांच्याही आत संपतो. म्हणजे प्रत्यक्षातल्या पाचशे मिनिटांमागे जेमतेम एक मिनिट आपल्यासमोर येतं. त्याच्या पेटीत कॅमेरे होते, वर त्याची टीम होती, बोलायची सोय होती. नक्कल करणाऱ्या चॅनेलकडे यातलं काय असतं, देव जाणे. आणि नकलेची नक्कल करणाऱ्या माझ्या भाच्याकडे होता एक मोबाईल.

आमच्या सेटवर जिन्यावरून चार पायऱ्या घरंगळायचा शॉट असला तरी फाइट मास्टर येतो, गाद्या पडतात, कलाकाराच्या कपड्यांच्या आत पॅड बांधतात. उंचीवरचा शॉट असेल तर हार्नेस, आणि त्याची वायर नंतर कॉम्प्युटरवर पुसली जाते. ती पुसली गेली की प्रेक्षकाला दिसतो फक्त उडी मारणारा माणूस. आपल्याला हे ठाऊक असतं. नऊ वर्षांच्या मुलाला ते ठाऊक नसतं, आणि कोणी दाखवल्याशिवाय ठाऊक होणारही नाही.

सिनेमाला निदान सर्टिफिकेट असतं. २०२३ च्या कायदादुरुस्तीनंतर यूए, म्हणजे पालकांच्या मार्गदर्शनाखाली बघायच्या, सिनेमांतही ७, १३ आणि १६ वर्षं असे टप्पे झालेत. ओटीटीवरच्या मालिकांनाही वयाचा शिक्का लावावा लागतो. यूट्यूबवर कोणी मोबाईलनं शूट करून टाकलेल्या व्हिडिओला असं काही आधी लागत नाही. गंभीर इजा होऊ शकेल अशी चॅलेंजेस चालणार नाहीत, हा यूट्यूबचा नियम आहे, तक्रार करायची सोयही आहे. पण व्हिडिओ आधी येतो, तक्रार नंतर होते. मधल्या वेळात आपलं मूल तो बघून मोकळं झालेलं असतं.

"बंदीच घाला सगळ्यावर" म्हणणाऱ्यांना सांगते. टिकटॉकवर आपल्याकडे २९ जून २०२० ला बंदी आली. जुलैत रील्स आल्या, सप्टेंबरात शॉर्ट्स आले. मुलांचा एक गणपतीसुद्धा त्याविना गेला नसेल!

तर मग बघायचं काय? मी आता मुलासोबत व्हिडिओ बघताना एक प्रश्न आधी विचारते. यात दाखवलंय ते करायला आपल्या घरातली कुठली वस्तू पुरेल? हाच प्रश्न मला सगळ्यात मोलाचा वाटतो. ज्वालामुखीच्या तोंडावरून दोरीवर चालणारा माणूस बघून माझ्या छातीत धस्स होतं, पण त्याची नक्कल भांडुपला होणार नाही. उलट ज्या व्हिडिओत काहीच भयंकर वाटत नाही, त्याला लागणारं सामान स्वयंपाकघरात असतं. बर्फ आणि मीठ, कोरियन तिखट नूडल्स, बादलीभर पाणी, नाहीतर नुसता स्वतःचा श्वास. २०२३ मध्ये अमेरिकेत १४ वर्षांचा एक मुलगा एका अतितिखट चिपचं चॅलेंज केल्यावर दगावला. तपासात मिरचीतल्या कॅप्सेसिनचं मोठं प्रमाण पोटात गेल्याचा उल्लेख आला, आणि ती चिप दुकानांतून काढून घेतली गेली. एक चिप. आपण पालकांनी तो व्हिडिओ हसत हसत पाहिला असता, मीही पाहिला असता.

आणि मुंबईत घरातल्या वस्तूंच्या यादीत लोकल ट्रेन धरावीच लागते, कारण ती दारातच असते. २०१८ मध्ये किकी चॅलेंजची, म्हणजे चालत्या गाडीतून उतरून तिच्यासोबत नाचण्याची, लाट आली, तेव्हा इकडच्या तीन तरुणांनी चालत्या लोकलसोबत नाच केला होता. वसईच्या रेल्वे न्यायालयानं त्यांना तीन दिवस वसई स्टेशन साफ करायला लावलं. ते वाचले म्हणून झाडू तरी हातात आला.

सुरुवातीला दोन सेकंद झळकणारं "घरी करून पाहू नका" कुणालाही थांबवत नाही, हे मी पैजेवर सांगते. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञाचा १९६५ चा एक प्रयोग आहे. लहान मुलांना एक फिल्म दाखवली. त्यात एक मोठा माणूस बाहुल्याला बदडतो. काही मुलांच्या फिल्ममध्ये शेवटी त्याला बक्षीस मिळतं, काहींच्या फिल्ममध्ये ओरडा बसतो. ओरडा पाहिलेल्या मुलांनी नक्कल कमी केली. पण नंतर "जे पाहिलंस ते करून दाखव, खाऊ मिळेल" म्हटल्यावर तीही मुलं बाकीच्यांच्या बरोबरीनं सगळं करून दाखवू लागली. म्हणजे शिकली सगळीच होती. आता विचार करा, चॅलेंजच्या व्हिडिओत शेवटी काय असतं? नोटांची बॅग, गाडी, टाळ्या, "सबस्क्राईब करा". ओरडा तर नसतोच. आणि दिवाणाभोवती जमलेली भावंडं हेच त्या खाऊचं काम करतात.

पैशासाठी माणसाला सगळ्यांसमोर रडवणारे, लाज आणणारे व्हिडिओ हा आणखी एक विषय. त्यावर पुन्हा कधीतरी लिहीन.

माझं माहेर लालबागचं. आमच्या गल्लीत गुरुपौर्णिमेपासून गोविंदाचा सराव सुरू व्हायचा. रात्री साडेनऊ-दहाला आम्ही पोरं गॅलरीत लटकून बघायचो. तिसरा थर लागायचा आणि कोसळायचा. पुन्हा लागायचा, पुन्हा कोसळायचा. खांदे सोललेले, कोणाचं कोपर सुजलेलं, कोणी रडत घरी गेलेलं, आणि प्रशिक्षक सगळ्यांवर खेकसणारा. दहीहंडीच्या दिवशी वरचा थर चढायचा तेव्हा त्याच्याखाली महिनाभराची पडापड आहे, हे गल्लीतल्या शेंबड्या पोरालाही माहीत असायचं. धोका तिथेही होता, म्हणून तर आता चौदा वर्षांखालच्या मुलांना थरात चढवायला मनाई आहे. पण तो धोका आमच्या डोळ्यांसमोर होता, आवाजासकट. व्हिडिओत मुलांना फक्त हंडी फुटताना दिसते. श्रावणातला तो सगळा सराव माझ्यासारख्या एडिटरनं कापलेला असतो.

म्हणून त्या शनिवारनंतर मी मुलाला ओरडले नाही. खरं तर ओरडण्याच्या स्थितीतच नव्हते. रात्री दोघांना घेऊन लॅपटॉपवर बसले. दिवाणातला त्यांचाच व्हिडिओ लावला आणि भाच्याला म्हटलं, "चल, आता हा 'दोन तासांचा' करून दाखव." दहा मिनिटांत त्यानं घड्याळाचा शॉट घातला, मध्ये "एक तासानंतर" लिहिलं, खाली म्युझिक टाकलं. झालं, दोन तास. मुलगा तोंडाचा आ करून बघत होता. मग त्यानं विचारलं, "मग मी ठोकलं ते कुठे गेलं?" म्युझिकखाली गेलं होतं. म्युझिक बंद करून पुन्हा लावला, तेव्हा ते ठोकणं ऐकू आलं. दोनदा. भाचा उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ आत आला नाही.

परवा सुतार येऊन दिवाणाच्या चारही बाजूंना भोकं पाडून गेला, फळीला बाहेरून कुलपाची कडी लावून गेला. मुलाच्या मोबाईलवर देखरेखीचं खातं केलंय, त्यात नऊ वर्षांवरच्या मुलांसाठीचा पर्याय निवडलाय. जेवताना "आज काय पाहिलंस" हे विचारायचं ठरवलंय, पण पोलिसासारखं नाही. कारण पोलिसासारखं विचारलं, की ती पोरं व्हिडिओ आजीच्या फोनवर बघतात. आमच्याकडे तसंच चालू होतं.

येत्या रविवारी संध्याकाळी सहाला आमच्या सोसायटीच्या ऑफिसात आम्ही काही पालक बसतोय. ज्यांना जमेल त्यांनी मुलांना घेऊन या, आणि मुलांनी शेवटी पाहिलेले दोन-तीन व्हिडिओ मोबाईलवर तयार ठेवा. लॅपटॉप मी आणते. प्रत्येक व्हिडिओत कट कुठे आहे ते मुलांनीच शोधायचं, आणि आपण मोठ्यांनी प्रत्येकानं आपापल्या घरातली ती एक वस्तू सांगायची. आजी-आजोबांनाही घेऊन या, त्यांच्या फोनसकट.