वूफर सोफ्यावर, मालक जमिनीवर

सबवूफर, म्हणजे होम थिएटरचा खर्ज वाजवणारा स्पीकर, घ्यायला निघालेला माणूस आधी इंच विचारतो. पुण्याच्या तपकीर गल्लीतल्या दुकानांत उत्तरही लगेच मिळतं, "बारा इंची न्या साहेब, भिंती हलतील!" भिंती हलायला नकोच आहेत हो. सोसायटी तीस वर्षांची आहे आणि रीडेव्हलपमेंटची मीटिंग अजून कोरमअभावी तहकूब होतेय.

इंचांआधी खोली मोजावी. आमची कोथरूडची तिसरी बेडरूम दहा बाय बारा, उंची साडेनऊ फूट. आवाज सेकंदाला साधारण 1125 फूट धावतो. या आकड्याला प्रत्येक मापाच्या दुपटीने भागलं की 47, 56 आणि 59 हर्ट्झ मिळतात. भिंतींमध्ये घुमून खोली हेच तीन सूर फुगवते, म्हणजे हे खोलीचे जावई. पडद्यावर स्फोट होवो की घोडे दौडोत, मानपान यांचाच, बाकीचे सूर पंगतीच्या शेवटी. मोठा वूफर आणला म्हणजे जावयांना आग्रह करून वाढल्यासारखं.

सोफ्याचंही तसंच. खोलीच्या लांबीत बरोबर मधोमध ठेवलात तर 47 चा सूर तिथे जवळजवळ गायब. मागच्या भिंतीला टेकवलात तर तोच मानगुटीवर. समोरच्या भिंतीपासून आठेक फुटांवर कान येतील असं बघा. फुगलेला सूर इक्वलायझरने कापता येतो, पण गायब झालेला वाढवता येत नाही. वाढवायला गेलात तर पॉवर पावसाळी खड्ड्यातल्या मुरमासारखी वाहून जाते.

पेटी मी बंदच घेईन, दहा इंची. पोर्टवाली, म्हणजे हवेसाठी भोक ठेवलेली, दणका जास्त देते, पण ती ज्या सुराला जुळवलेली असते त्याच्या खाली आवाज दर ऑक्टेव्हला (सप्तकाला) 24 डेसिबलने कोसळतो. बंद पेटीचा 12 ने उतरतो आणि छोटी खोली 47 च्या खाली स्वतःच थोडा टेकू देते. शिवाय आकार आटोपशीर. 'ही फ्लॉवरपॉट ठेवायला बरी आहे' एवढ्यावर घरातून मंजुरी मिळते.

आता जागा. वूफर सोफ्यावर, तुमच्या बसण्याच्या जागी चढवायचा. संथ चालीचं, सलग खर्ज असलेलं काहीतरी लावायचं आणि आपण भिंतीच्या कडेकडेने रांगायचं, कान वूफरच्या उंचीला ठेवून. फूटभर सरका, थांबा, ऐका. कोपऱ्यात आवाज सगळ्यात मोठा असतो; त्याला भुलू नका. जिथे प्रत्येक सूर सुटा आणि सारखा ऐकू येतो, तिथे खडूने खूण करा. याच वेळी दार उघडतं आणि "अहो, काय हरवलंय?" असा प्रश्न येतो. खूण नेमकी लोखंडी कपाटासमोर निघते, हे वेगळं सांगायला नको.

जोडणी सोपी. रिसीव्हरमध्ये, म्हणजे सगळे स्पीकर जोडतात त्या अँप्लिफायरमध्ये, स्पीकर 'स्मॉल', आणि क्रॉसओव्हर, म्हणजे ज्याखालचे सूर वूफरकडे जातात ती सीमा, 80 हर्ट्झ. वूफरच्या पाठीवरचं क्रॉसओव्हरचं बटण पूर्ण वर, नाहीतर एकाच कामाला दोन गाळण्या लागतात. वूफरवरचं फेजचं बटण (वूफरची लाट बाकी स्पीकरांशी जुळवणारं) 0 आणि 180 दोन्हीकडे करून बघा. सोफ्यावर ज्यात खर्ज जास्त भरतो ते ठेवा. सिनेमा बंद असतानाही 'हूंऽऽ' येत असेल तर आधी टीव्हीची केबल काढून बघा, मग वूफर आणि रिसीव्हर एकाच बोर्डावर घ्या.

उरल्या खालच्या काकू. पेटीखालचा फोम फक्त पेटीचा थरथराट अडवतो; हवेतला खर्ज स्लॅबमधून उतरतोच. निवासी भागात रात्री दहानंतर मर्यादा 45 डेसिबलची, म्हणून मोबाईलवर मीटर लावाल. पण हे मोजमाप ए-वेटिंगचं, म्हणजे कानाला खर्ज कमी ऐकू येतो तसं वजन देणारं, 50 हर्ट्झला सुमारे 30 डेसिबल कमी धरणारं. आकड्यात तुम्ही सज्जन, आणि खाली मांडणीवरची ताटं वाजतायत. काकू भांडत नाहीत. लिफ्टपाशी भेटल्या की एवढंच विचारतात, "काल शेवटी व्हिलन मेला ना हो? सव्वाअकराला मिसळणाचा डबा पडला, तेव्हाच वाटलं."