‘बरं आहे, आपल्याकडे असलं काही नाही’

आज आमच्या वाचनगटात मी मोझांबिकची लेखिका पाउलिना शिझियाने हिच्या ‘निकेत्शे’ या बहुपत्नीत्वावरच्या कादंबरीवर बोलले. खाली बसते न बसते तोच एक सुशिक्षित, सज्जन गृहस्थ म्हणाले, ‘‘बरं आहे, आपल्याकडे असलं काही नाही.’’ चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी गप्प बसले. घरी आल्यापासून ते गप्प बसणंच टोचतंय.

माझ्या आईच्या आईला, पेडण्याच्या आजीला, सवत होती. आजीला तीन मुलीच झाल्या म्हणून आजोबांनी धाकटीला आणली. चोरून नाही, कायद्यानं. 1880 च्या पोर्तुगीज फर्मानात गोव्यातल्या हिंदू पुरुषाला तशी मुभाच होती: बायको तिशीची झाली आणि मुलगा नाही, तर दुसरी करा. मोझांबिकवर ज्यांचं राज्य होतं, त्यांचंच हे फर्मान. आजी रोज तिन्हीसांजेला एकाच मापानं दोन टोपांत तांदूळ मोजायची. आधी धाकटीच्या टोपात, मग आपल्या. आईनं एकदा रागानं विचारलं तर म्हणाली, ‘‘ती म्हजी वैरीण न्हय गो.’’

‘निकेत्शे’ 2002 ची. मोझांबिकच्या राजधानीतला, मापुतोतला बडा पोलीस अधिकारी टोनी, आणि त्याची वीस वर्षांची संसारी बायको रामी. नवऱ्याच्या दुसऱ्या बाईचा माग काढत ती जाते, हाणामारी करते, आणि तिथे कळतं की ही बाईसुद्धा फसवलेलीच आहे. पुढे तिसरी, चौथी, पाचवी. कुणी दक्षिणेची, कुणी उत्तरेची. मग रामी काय करते? त्या साऱ्यांना एकत्र आणते. त्यांनी पायावर उभं राहावं म्हणून पैसे देते, एकेक जण छोटा धंदा सुरू करते. टोनीच्या पन्नासाव्या वाढदिवसाला सगळ्याजणी मुलांना घेऊन हजर! आजीचं मापच ते. इथे फक्त ते चारचौघांत, नवऱ्यासमोर काढलंय.

पुढे टोनी मेल्याची खबर येते. सासरचे रामीचं डोकं भादरतात, घरातलं सामान उचलून नेतात. हे वाचून ‘आपल्याकडे नाही’ म्हणता? मग केशवपन हा शब्द आपल्या भाषेत काय करतोय? आपल्या पणज्यांची डोकी कुणी भादरली?

मान्य, रामीची स्वगतं मधूनमधून व्याख्यानाच्या अंगानं जातात. आणि हिशेबानं, रीतीनं बहुपत्नीत्व पाळा असा तिचा आग्रह वाचून लेखिका त्याचीच तळी उचलतेय असंही कुणाला वाटेल. वाटो. ज्या घरात दुसरी बाई आधीच आलेली आहे, तिथे हक्काचं माप मागण्यावाचून बाईच्या हातात उरतं काय?

आणखी एक प्रश्न आला, ही शिझियाने पोर्तुगीजमध्ये कशाला लिहिते, मालकांच्या भाषेत? 1955 साली मांजाकाझेत जन्मलेली ही मुलगी. घरात चोपी ही तिथली भाषा, पोर्तुगीज शिकली ती मिशनच्या शाळेत. यादवी युद्धाच्या काळात रेडक्रॉसबरोबर काम केलं. 1990 मध्ये तिची पहिली कादंबरी आली, आणि मोझांबिकमध्ये कादंबरी प्रसिद्ध करणारी ती पहिली बाई ठरली. 2021 चा कामोइंश पुरस्कार, पोर्तुगीज साहित्यातला सर्वांत मोठा, तिला जाहीर झाला. हा मान मिळालेली ती पहिली आफ्रिकन स्त्री. तो घ्यायला लिस्बनला गेली आणि त्याच व्यासपीठावरून म्हणाली की या भाषेतला वसाहतवाद काढून टाका, शब्दकोश साफ करा. मालकाच्या घरात बसून त्याच्या शब्दांचा हिशेब मागणारी बाई आहे ही. तिला भाषेवरून काय विचारता!

जरा शांत झालेय आता. त्या गृहस्थांचा राग नाही खरं तर. त्यांच्याही घरात कुणी आजी असेल, जिच्याबद्दल बोलायचं नाही असं ठरलंय. आमच्याकडेही ठरलं होतं. आईनं मला हे सांगितलं तेव्हा मी चाळिशीची होते.

शिझियाने स्वतःला कादंबरीकार म्हणवून घेत नाही. म्हणते, मी गोष्टी सांगणारी. शेकोटीभोवती ऐकलेल्या गोष्टी हीच आपली पहिली शाळा, असं ती सांगते.

मघाशी धाकटीच्या मुलीला फोन केला. हो, धाकटीलाही मुलगीच झाली. मावशी आता पंचाहत्तरीची आहे, डोळ्यांनी कमी दिसतं, वाचणं सुटलंय. तिला म्हटलं, एक गोष्ट सांगू? रामी टोनीच्या दुसऱ्या बाईच्या दारात उभी राहते तिथपर्यंत आले, तर मावशी एकदम गप्प. मग हळूच म्हणाली, ‘‘आमच्याकडे तुझी आजी आली होती तशी. हातात तांदळाचं माप घेऊन.’’

हे मला माहीत नव्हतं. आईलाही नसावं.

चाळीस मिनिटं बोलत होतो. उरलेली गोष्ट उद्या सांगायची आहे.