पंचा घेऊन बास्तूत

पुण्यात दादाच्या सोसायटीत क्लबहाउसमधल्या सौनावरून, म्हणजे घाम काढायच्या गरम खोलीवरून, वाद पेटलाय. बिल्डरने जाहिरातीत मिरवलेली ती लाकडी खोली वर्षभर कुलूपबंद आहे. काही जण म्हणतात, मे महिन्यात पंखा पुरत नाही तिथे ही चैन कशाला, सामान ठेवायला वापरा. बाकीचे म्हणतात, पैसे मोजलेत, चालू करा. दादाने विचारलं, तू स्वीडनमध्ये राहतेस, तुला काय वाटतं?

चालू करा, असंच मला वाटतं. पण चैन म्हणून नाही.

इथे माल्मोत आमच्या इमारतीच्या तळघरात, कपडे धुवायच्या खोलीला लागूनच बास्तू आहे. सौनाला इथे बास्तूच म्हणतात. मूळ शब्द बादस्तूगा, म्हणजे आंघोळीची झोपडी. वेळा लिहिलेल्या फळ्यावर आपलं छोटं कुलूप अडकवलं की ती वेळ आपली. गुरुवारी संध्याकाळी आम्ही बायका जमतो. आधी साबण लावून आंघोळ, मग अंगावर काहीही न घालता आत. बाकावर टॉवेल अंथरायचा, लाकडाला घाम लागता कामा नये. वरच्या बाकावर ८० अंशांच्या आसपास धग असते. तापल्या दगडांवर पळीभर पाणी टाकायचं तर आधी शेजारणीला विचारायचं. पहिल्या दिवशी मी टॉवेल घट्ट धरून दाराशीच थबकले. सत्तरीच्या एक बाई नुसत्या सरकून बसल्या. त्यांच्या पोटावर सिझेरियनचा व्रण होता, माझ्याही आहे. सुटलेली पोटं, ओघळलेले दंड, आणि कुणाला त्याचं काही नाही. आपल्या शरीराशी इतकी शांत मी आधी कधी बसले नव्हते.

इथलं रिबेर्सबोरीचं स्नानगृह १८९८ पासूनचं, थेट समुद्रात खांबांवर उभं. बायका-पुरुषांचे भाग वेगळे. जानेवारीत बास्तूतून उठून शिडीने समुद्रात उतरताना श्वास अडकतो. वर आल्यावर मात्र अंगभर ऊब पसरते. पुण्यात बादलीभर गार पाणी पुरेल. मेच्या उकाड्यातून सुटका नसते, बास्तूची धग दहा मिनिटांची असते आणि तिच्यामागे गार पाणी ठरलेलं असतं. म्हणून उकाड्याचा आक्षेप मला पटत नाही.

आपापल्या बाथरूममध्ये सौनाची पेटी बसवणंही पटत नाही. सहा किलोवॉटची भट्टी दीड तास चालली की नऊ युनिटपर्यंत वीज जाते. एकटीसाठी ती उधळपट्टी, सहाजणींसाठी नाही.

राहिला कपड्यांचा प्रश्न. इथली रीत तिथे जशीच्या तशी चालणार नाही, चालावी असा माझा हट्टही नाही. आपल्याकडे पंचा आहे! एक गुंडाळायला, एक खाली अंथरायला. बायकांची वेळ वेगळी, पुरुषांची वेगळी. नरक चतुर्दशीला आजी आम्हा सगळ्या बहिणींना ओळीने पाटावर बसवून उटणं लावायची, बंबाचा धूर डोळ्यांत जायचा. तेव्हा कुठे कुणाला लाज वाटली होती?

दादाला फळ्याचा फोटो पाठवलाय. आणि आईला रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा डॉक्टरांना विचारल्याशिवाय तिला नेऊ नकोस, नेलंस तर खालच्या बाकावर, दाराजवळ बसव, असंही लिहिलंय.