‘कोणतीही माउंटन सायकल चालते’ हे खरे नाही

सायकलला विजेची मोटर बसवू पाहणाऱ्यांमध्ये एक सल्ला हातोहात फिरतो आहे. दहा-बारा हजारांची कोणतीही गिअरची माउंटन सायकल घ्यावी, पुढे-मागे सस्पेन्शन असेल तर उत्तमच. पुढचे चाक काढून तेथे मोटरचे चाक लावावे, बाकी काही बदलावे लागत नाही. गिअर जितके जास्त तितका चढ सोपा. आणि मोटर १००० वॅटची घ्यावी, कारण सायकलला लायसन्स लागत नाही. या सल्ल्यावर विसंबून लोक आधी सायकल विकत घेतात आणि मग तिला किट, म्हणजे मोटर-बॅटरीचा संच, शोधू लागतात. हा क्रमच मुळात उलटा आहे, आणि सल्ल्यातील एकेक विधान तपासले की ते का, हे कळते.

सर्वांत धोक्याचे विधान पुढच्या चाकाचे आहे. हब मोटर, म्हणजे चाकाच्या मध्यभागी बसणारी मोटर, चाक पुढे फिरवते तेव्हा तिचा आस तितक्याच जोराने उलट दिशेला फिरू पाहतो. त्याला रोखून धरणारी जागा म्हणजे पुढचे चाक धरणाऱ्या चिमट्याच्या (फोर्कच्या) टोकाची खाच, म्हणजेच ड्रॉपआउट. साध्या चाकाच्या आसाला केवळ वजन पेलायचे असल्याने ही खाच पीळ सोसण्यासाठी घडवलेलीच नसते. मोटरचा टॉर्क, म्हणजे हा पीळ, ४० न्यूटन-मीटर धरला आणि आसाच्या सपाट बाजूंमधील अंतर १० मिलिमीटर असले, तर खाचेच्या कडांवर साधारण साडेतीनशे ते चारशे किलो वजनाइतका दाब येतो. पोलादी चिमटा अशा वेळी आधी वाकतो, निदान सूचना तरी देतो. सस्पेन्शनच्या चिमट्याचे ॲल्युमिनियमचे किंवा मॅग्नेशियमचे टोक मात्र पुष्कळदा पूर्वसूचनेशिवाय तडकते. आस खाचेतून निसटला की पुढचे चाकच सुटते, आणि उतारावर असे झाले तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून मोटर हबची असेल तर ती मागच्या चाकात असावी, फ्रेम पोलादी असल्यास अधिक चांगले, आणि टॉर्क आर्म, म्हणजे आसाला फिरू न देणारी पट्टी, लावल्यावाचून सायकल रस्त्यावर काढू नये. आसापासून १० सेंटिमीटरवर फ्रेमला घट्ट बांधलेला टॉर्क आर्म तोच पीळ सुमारे ४० किलोच्या भारावर आणतो. ही पट्टी वगळून पैसे वाचवणे मला अक्षम्य वाटते.

मागच्या चाकासाठीही कोणतीही सायकल चालत नाही. बहुतेक हब मोटरी मागे १३५ मिलिमीटर रुंदीच्या, उघड्या खाचेच्या फ्रेमसाठी असतात. अलीकडच्या महाग माउंटन सायकलींना १४२ किंवा १४८ मिलिमीटरचे, आरपार जाणारे थ्रू-ॲक्सल असते, त्यात ही मोटर सरळ बसतच नाही. येथे जुनी, साधी सायकल नव्या महागड्या सायकलीपेक्षा सरस ठरते.

मागच्या सस्पेन्शनचा आग्रहही असाच निराधार आहे. बॅटरीसाठी सर्वांत योग्य जागा म्हणजे फ्रेमच्या मधला त्रिकोण, कारण तेथे वजन मध्यावर आणि खाली राहते. मागच्या सस्पेन्शनचा शॉक ॲब्सॉर्बर नेमकी तीच जागा अडवतो. मग बॅटरी कॅरिअरवर जाते, तीन-चार किलोंचे ओझे सायकलच्या शेपटीवर लटकते आणि प्रत्येक खड्ड्यात हिसका देते. स्वस्त सायकलींतील मागचा शॉक बहुधा वजन वाढवण्यापलीकडे फारसे काही करत नाही. मोठ्या त्रिकोणाची, मागे ताठ असलेली सायकल आणि रुंद टायर यांनी आपल्या खराब रस्त्यांवर पुरेसा आराम मिळतो.

गिअरच्या संख्येबद्दल थोडक्यात. हब मोटरची ताकद गिअरमधून जातच नाही, ते गिअर केवळ पायांसाठी असतात. पेडलजवळ बसणारी मिड-ड्राइव्ह मोटर गिअर वापरते खरी, पण ती बसवताना पेडलजवळची चेनची तीन दातेरी चक्रे निघून एकच राहते, म्हणजे २१ गिअरच्या सायकलीचे ७ उरतात. शिवाय प्रचलित मिड-ड्राइव्ह किट ६८ ते ७३ मिलिमीटर रुंदीच्या, आट्यांच्या बी.बी. शेलमध्ये, म्हणजे पेडलचा आस जिथून जातो त्या फ्रेमच्या नळीत, बसते. दाबून बसवलेल्या बेअरिंगच्या फ्रेममध्ये ते थेट बसत नाही, आणि चेनच्या बाजूने मागच्या चाकाकडे जाणारी नळी बाहेर फुगलेली असेल तर मोटरचे आवरण तिला घासते. हे दुकानातच पट्टी लावून पाहता येते.

‘बाकी काही बदलावे लागत नाही’ हे विधान ब्रेकच्या बाबतीत तर पूर्ण चुकीचे आहे. ताशी १५ ऐवजी २५ किलोमीटर वेगाने जाणारी सायकल थांबवताना, वजन तेच धरले तरी, पावणेतीन पटींहून अधिक ऊर्जा जिरवावी लागते. वर मोटर-बॅटरीचे सहा-सात किलो आहेतच. रिमवर घासणाऱ्या हलक्या ब्रेकची सायकल मी या कामासाठी सुचवणार नाही. दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, आणि लीव्हर दाबताच मोटर बंद करणारे स्विच, इतके हवेच.

राहिले १००० वॅट. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार ३० मिनिटांची शक्ती (मोटर सलग अर्धा तास देऊ शकते ती) २५० वॅटपेक्षा कमी, वेग ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी आणि बॅटरी वगळून वजन ६० किलोंच्या आत असेल, तरच अशा वाहनाला मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट मिळू शकते. १००० वॅटची मोटर लावल्यावर ते सायकल राहत नाही. नोंदणी, विमा आणि लायसन्स तिन्ही लागतात, आणि विमा नसताना अपघातात कोणी जखमी झाले तर भरपाईचा भार स्वतःवरच येऊ शकतो.

शिवाय इतक्या शक्तीची गरजही नसते. सायकल आणि स्वार मिळून १०० किलो वजन ६ टक्के चढावर ताशी १२ किलोमीटरने न्यायला सुमारे २३० वॅट लागतात. त्यातले ८० ते १०० वॅट निरोगी माणूस फारशी दमछाक न होता पेडलवर देतो, उरलेले लहान मोटर देऊ शकते. याउलट ३६ व्होल्ट, १० अँपिअर-अवरची बॅटरी, म्हणजे ३६० वॅट-अवर, १००० वॅटने ओढली तर २० मिनिटांच्या आसपास संपते. तीच बॅटरी, पाय चालू ठेवले तर, ६०० मीटर उंचीचा घाट चढवून परतीसाठीही काही शिल्लक ठेवते.